सुतकात भरलेलं संमेलन

आण्णा,

मरायला तुला तोच आठवडा सापडला का रे? दीड वर्ष राबून आपल्या भावकीचं आंतरराष्ट्रीय कुलसंमेलन उभं केलंस. न्यूजर्सी, दुबई, मेलबर्नची माणसं बॅगा भरत होती, बडोद्याच्या मंडळींनी रेल्वेची तिकिटं काढली होती. शनिवारी संमेलन, आणि आदल्या रविवारी सकाळी तू चहा बशीत ओतून घेतलास आणि प्यायच्या आधीच खुर्चीत मान टाकलीस. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसणार. तुला झाला नसेल.

आज अकरावा दिवस. सकाळी सगळ्यांचं सुतक फिटलं आणि माणसं आपापल्या वाटेला लागली. दुपारपासून घरात मी एकटी आहे. अकरा वर्षं रोज तुझ्याशी बोलत आले, निम्मं भांडणातच गेलं. ती सवय अकरा दिवसांत मोडत नाही, म्हणून वही घेऊन बसले.

तुला आठवतं का, गडहिंग्लजहून तू मला कसं आणलंस ते? माझे मालक जाऊन महिना झाला होता, मूलबाळ नाही, दीरांनी घरात माझी खोली तेवढी ठेवली होती. वहिनी त्याआधीच गेलेल्या, तुझी मनू लग्न होऊन स्कॉटलंडला. तू दारात उभा राहून बोललास, "शाले, चल. मला भाकरी थापाय येत न्हाय आणि तुला बोलाय माणूस न्हाय." एवढ्यावर आपलं ठरलं. दीर ओट्यावर ऐकत बसले होते. त्यांनाच काय, अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं असेल. कोल्हापूरच्या फाउंड्रीत सारी नोकरी काढलेला माणूस तू, हळू बोलणं तुझ्या घशाला ठाऊकच नव्हतं. आता या घरात एवढी शांतता आहे की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकते.

संमेलनाचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते मनूकडं गेला होतास तेव्हा. तिनं तुला एका मैदानावर नेलं. तिथं एकाच आडनावाची माणसं जगभरातनं गोळा झालेली, बापये चुण्याचुण्यांच्या चौकड्यांच्या घागऱ्यात, पुढं पिशवीसारखं वाद्य फुंकत चाललेले. तू परत आल्यावर आठ दिवस दुसरं बोलत नव्हतास. "शाले, त्येंची भावकी म्हंजे काय भावकी! कॅनडातनं आल्यात, ऑस्ट्रेलियातनं आल्यात. मूळ पुरुष एक. कापडसुदीक एक, चौकडा बघून वळकायचं ह्यो कुठल्या घरचा. आणि आपण? आपल्या चुलतभावाचा पोरगा दुबईला काय करतोय त्ये आपल्याला म्हाईत न्हाय."

मग तुझं ठरलंच. आपलंही करायचं, जोतिबाच्या पायथ्याला, कुलदैवताच्या साक्षीनं. भिंतीवर तीन घड्याळं लावलीस, न्यूजर्सी, दुबई आणि मेलबर्न. न्यूजर्सीचं घड्याळ तू कायम चुकीचं लावायचास आणि तिथल्या आपल्या भाच्याला, चुकले, पुतण्याला, ऐन ऑफिसात असताना गाठायचास. "पावणं, तुमचं मूळ गाव नेसरीकडचंच की. मग नेसरीचं बोला, इंग्रजी ऱ्हाऊ द्या." तो बिचारा कुजबुजत उत्तरं द्यायचा आणि तू वैतागायचास की परदेशात जाऊन पोराचा आवाज बसला.

आणि तो कपडा! आपल्या भावकीचाही एक चौकडा हवा म्हणून तू इचलकरंजीच्या मागावर गुलाली आणि हळदी रंगात कापड विणून घेतलंस, फेट्यासाठी. पहिला तागा घरी आला तेव्हा मी म्हणाले, "आण्णा, हे हॉटेलातल्या टेबलावर घालायला चांगलंय." तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी फेटा बांधून आरशासमोर उभा राहिलास, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "चटणीची बरणी झाकाय बरं हाय." तेव्हा आपण दोघंही डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसलो. पण कापड बदललं नाहीस. एकदा ठरवलेलं बदलायचं तुझ्या रक्तात नव्हतं. ते माझ्याही नाही.

नावं मी लिहिली, आण्णा. हे मी आज ठासून म्हणणार आहे, कारण तेव्हा म्हणाले तर तू "व्हय की, कोण न्हाय म्हंतंय" म्हणून विषय संपवायचास. बेळगावच्या बाजूचा आपला हेळवी तू शोधून काढलास. पूर्वी हे लोक बैलावर बसून यायचे आणि दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे, आपल्या आबांच्या वेळी येऊन गेलेला मला अंधुक आठवतो. हा मल्लाप्पा मोटरसायकलवर आला, मागं वह्यांचं गाठोडं. चार दिवस तो कानडी हेलात वाचत होता, अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा, आणि मी उतरून घेत होते. तू मध्येच ओरडायचास, "ह्यो बघ, ह्यो बडोद्याला गेलेला!" जणू तो आत्ताच दारातनं बाहेर पडलाय.

चौथ्या दिवशी मल्लाप्पा आपल्या आबांवर आला. आबांचा रामचंद्र, म्हणजे तू, आणि वही थांबली. मी विचारलं, "आणि मी?"

मल्लाप्पा चांगला माणूस. त्याला वाईट वाटलं. "बाय, लेकी ह्या वहीत येत न्हाईत. लेक दुसऱ्याच्या घरची."

"मग सासरच्या वहीत असते का?"

"तितं बी बापाचा ल्योक, लेकाचा ल्योक. अस्तुरीचं नाव न्हाई लिवत."

तू खाली मान घालून पान जुळवत बसला होतास. माझं नाव कुठल्याच वहीत नाही हे मला साठीनंतर असं भरल्या घरात कळलं. मी उठून आत गेले आणि मल्लाप्पासाठी शिरा केला. तुझ्या वाटणीचा मुद्दाम कमी गोड केला. तुला कळलं होतं, पण तू गप खाल्लास.

तिथून आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत. संमेलनाला बोलवायचं कुणाला, हा तू जमवलेल्या कमिटीपुढचा खरा प्रश्न होता. आडनाव बघावं तर त्या आडनावाचे लोक पंचक्रोशीत पसरलेले, सगळे आपले नव्हेत. सात पिढ्या मोजाव्यात तर बडोद्याची शाखा बाहेर पडते. तेव्हा तू तुझ्या डोक्यातनं नियम काढलास, आणि कबूल करते, नियम झकास होता. तू सगळ्यांना छापील कागद पाठवलास: जो भावकीचं दहा दिवसांचं सुतक धरील तो आपला. पिढ्या कितीही होवोत. सही करून पाठवा. मला वाटलं परदेशातली पोरं हसतील. पण सगळ्यांनी सह्या केल्या. मेलबर्नच्या पोरानं खाली लिहिलं होतं, इथं माझ्यासाठी सुतक धरणारं कोणी नाही, फार बरं वाटलं. ते वाचून तू चष्मा पुसलास.

लेकी मात्र त्यात नव्हत्या. माहेरचं सुतक लेकीला तीन दिवसांचं, म्हणून लेकी बाहेर. एकाही माहेरवाशिणीला निमंत्रण गेलं नाही. मी म्हणायचे, "तुझ्या त्या स्कॉटलंडात कॅनडाची म्हातारी आजीच्या नावावर आलेली, तूच सांगितलंस. तिला कुणी हाकललं का?" तू म्हणायचास, "त्ये साहेबांचं. आपलं येगळं हाय." मी म्हणायचे, "घागरा साहेबांचा चालतो, आजी चालत नाही?" मग तू रंकाळ्यावर फिरायला निघून जायचास. मी विचारायचे, मनूचं काय? तुला एकच लेक. तुझी स्वतःचीच ओळ तुझ्यापाशी संपते, आणि तरी तू हाच नियम धरतोस? मला वाटतं तो प्रश्न तुला माझ्यापेक्षा जास्त टोचत होता. एकदा नियमात लेक घेतली तर लोक म्हणतील, आण्णाला मुलगा नाही म्हणून त्यानं नियम वाकवला. तू तसल्या बोलण्याला भ्यायचास. हे मी तुला तोंडावर म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले.

तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी छापखान्यातनं वंशावळीचा फलक आला. हॉलच्या भिंतीएवढा. आपण तो बाहेरच्या खोलीत पसरला, अर्धाच मावला. तू चपला काढून त्याच्या कडेनं चालत बोटानं नावं वाचत होतास, देवळात प्रदक्षिणा घालावी तसा. मी म्हणाले, "यातलं एकेक अक्षर माझ्या हातचं आहे. मल्लाप्पाचं कानडी मी सोडवलं, दुबईच्या पोरांची नावं मी दुरुस्त केली. आणि कोपऱ्यात लेखनिक म्हणूनसुद्धा मला जागा नाही." तू थांबलास. माझ्याकडं बघितलंस. काहीतरी बोलणार होतास, मला अजून तुझा ओठ हललेला दिसतो. मग म्हणालास, "सकाळी बघू."

सकाळी तू नव्हतास. तू काय बघणार होतास? फलक परत पाठवणार होतास की मला पुन्हा तेच ऐकवणार होतास? मी तुझे सगळे कागद शोधले, आण्णा. खिसे बघितले, डायरी बघितली, फोन मनूनं सांगितलं तसा उघडून बघितला. कुठंही माझ्याविषयी एक ओळ नाही. सिनेमात असतं तसं तू काही लिहून ठेवलं नव्हतंस. फोनमध्ये शेवटचा निरोप मंडपवाल्याला होता, खुर्च्या प्लॅस्टिकच्या नकोत म्हणून.

मनू येऊ शकली नाही. आठवा महिना, तिला विमानात बसू देत नाहीत. फोनवर ती रडत होती आणि मी इकडं तिला पाणी पी, पाणी पी म्हणत होते. अग्नी बाळासाहेबानं दिला. त्याला उगीच नावं ठेवत नाही, धाकट्या चुलतभावानं करायचं ते सगळं त्यानं केलं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं तेव्हा त्याची बायको म्हणाली, "आक्का, तुमचं तिसऱ्याला फिटलं. डोईवरनं पाणी घ्या आणि देवापुढं दिवा लावा. घर किती दिस अंधारात ठेवायचं?" मी हो म्हणाले. ती गेल्यावर मी पाणी घेतलं नाही, दिवाही लावला नाही. डाळीला फोडणी दिली नाही, चटईवर झोपले, चौथा दिवस गेला, पाचवा गेला. मुद्दाम काही ठरवलं नव्हतं. हातच उचलेना. आणि बघायला घरात होतं कोण? बिनफोडणीची डाळ मी एकटीनं खाल्ली, ती कुणालाच कळली नाही. सोबतीला माणूस नसलं की सुतकसुद्धा चोरून धरल्यासारखं वाटतं.

संमेलन रद्द करायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण निम्म्या लोकांनी विमानाची तिकिटं काढून ठेवली होती. ते कोल्हापुरात उतरले आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की तुझ्याच नियमानं तू सगळ्यांना बांधून ठेवलंयस. सही केलेला प्रत्येक जण सुतकात! मेलबर्न सुतकात, दुबई सुतकात, बडोदा सुतकात. जोतिबाच्या पायथ्याला एवढी भावकी जमलेली आणि एकालाही डोंगर चढून देवाला नारळ देता येईना. गुरवाला निरोप पाठवला तर तो म्हणाला, नारळ परक्याच्या हातनंही चालत नाही, रक्ताचं पण सुतकाबाहेरचं माणूस लागतं. तू असतास तर कपाळावर हात मारून सगळ्यात मोठ्यानं हसला असतास. तिथं कोणी हसलं नाही. फेट्यांचे गठ्ठे तसेच बांधलेले राहिले, वाजंत्री परत पाठवली, आणि परक्या देशातनं आलेली माणसं मांडवात एकमेकांची नावं हळू आवाजात विचारत बसली.

मी मागच्या रांगेत होते. खुर्च्या लाकडीच होत्या, मंडपवाल्यानं तुझा निरोप पाळला होता. मला तिथं बोलावणं नव्हतंच. बाळासाहेबानं गाडी पाठवली ती तुझा फोटो घेऊन या म्हणून.

दुपारी बाळासाहेब माझ्याकडं आला. हातात परडी, तीत नारळ, खोबरं, गुलाल. त्याचा चेहरा उजळलेला, मोठी अडचण सुटल्यासारखा. "शालाक्का, तुमी हाय की! आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. तुमाला तीन दिसांचं, तुमचं फिटलंय. तुमी वर जावा आणि समद्यांच्या वतीनं नारळ द्या. गाडी देतो."

मांडव माझ्याकडं बघत होता. सारी भावकी, आण्णा, पहिल्यांदाच. सगळ्यांना माझी गरज होती, आणि का? मी त्यांच्यातली नव्हते म्हणून. मी परडीकडं हात नेला. खरं सांगते, नेला. वर जावं, देवापुढं तुझं नाव घ्यावं, गुलाल उधळावा असं मनापासून वाटलं. दीड वर्षाच्या कामाचं तेवढं तरी मला मिळालं असतं. आणि ती परडी घेतली असती तर सगळ्यांसमोर, तुझ्या फोटोसमोर, मी कबूल केलं असतं की तू माझा तीनच दिवसांचा होतास.

मी हात मागं घेतला. "बाळासाहेब, मला जाता येणार नाही. मीबी सुतकात हाय."

"आक्का, तुमाला तीनचं..."

"मी दहाचं धरलंय. पहिल्या दिवसापासनं."

"अवो पर नियम आण्णांचा हाय."

"नियम काय हाय, वाच की. जो दहा दिवसांचं सुतक धरील तो आपला. मी धरलंय. आता मी कुणाची, ते तू सांग."

माझा आवाज तुझ्यासारखा निघाला, मला त्याचंच नवल वाटलं. बाळासाहेब परडी धरून तसाच उभा. बिचाऱ्याला ना पुढं जाता येईना ना मागं. मग मेलबर्नचा तो पोरगा, सहीखाली ओळ लिहिणारा, उठला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. बडोद्याची एक सून आली. बाळासाहेबानं परडी खाली ठेवली आणि डोळ्यांवर पंचा धरला. देवाला नारळ गेला नाही, आण्णा. तुझ्या संमेलनाचा मुख्य कार्यक्रम माझ्यामुळं राहिला. त्याबद्दल तुला राग येऊ दे, तो मला सोसेल.

संध्याकाळी संमेलनाला आलेल्या मल्लाप्पानं वही काढली. माणूस गेलं की हेळव्यानं नोंद करायची असते. त्यानं तुझ्या नावापुढं लिहिलं, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बाय, दहा दिस कोण धरलं त्ये लिवतो. कुणाची कोण म्हणून लिवू?"

मी म्हणाले, "रामचंद्राची बहीण."

तो घुटमळला. "वहीत वरनं खाली बाप-ल्योक असतंय. भैनीला जागाच न्हाई." पान आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं. शेवटी तुझ्या मरणाच्या ओळीलगत, समासात, बारीक अक्षरात त्यानं लिहिलं. शालन, बहीण. मला वाचून दाखवलं. मी मान हलवली.

तर माझं नाव आता वहीत आहे. ज्यासाठी दीड वर्ष तुझ्याशी भांडले, शिरा अगोड केला, तुला रंकाळ्यावर पळवून लावलं, ते झालं. घरी येऊन कुणाला सांगावं म्हणून बघितलं तर मनूशिवाय कुणी नव्हतं, आणि ती तिकडं जड अंगानं पडून. तू मेलास म्हणून मला सुतक आलं आणि सुतक धरलं म्हणून नाव आलं. असलं नाव घेऊन मी काय करू?

वहीत नव्हते तेच बरं होतं, आण्णा. भांडायला तू होतास.